आधी पाय

बकाऊ शहराच्या क्रीडागृहात जिम्नॅस्टिक्सची निवड चालली होती आणि ओटिलिया पहिल्या रांगेत बसली होती. समोर तिची अकरा वर्षांची मुलगी सन्झियाना धावपट्टीच्या टोकाला तळव्यांना खडूची पूड चोळत उभी होती. आजची अवघड उडी साधली तर राष्ट्रीय शिबिरात जागा, नाहीतर आणखी एक वर्ष वाट पाहायची. आणि सरावात ही उडी पोरीला एकदाही पायांवर उभं राहून संपवता आली नव्हती.

सकाळी ओटिलियाने प्रशिक्षक विओरिकाबाईंना विनवलं होतं की तिला आपली सोपी उडीच मारू द्या. बाई हसल्या, गणित कच्चं आहे तुमचं म्हणाल्या आणि निघून गेल्या.

ते गणित आता शेजारी बसलेली स्मारांडा मावशी समजावत होती. तिची हयात परीक्षकांच्या टेबलाशी गेलेली. उडी किती अवघड त्याचे गुण वेगळे, ती किती नेटकी त्याचे वेगळे. पडलं की एक अख्खा गुण जातो. पण ही उडी सोप्या उडीपेक्षा इतकी वरची, की पडूनही हातात जास्तच गुण उरतात.

"म्हणजे ती पडणार हे धरूनच चाललेत?"

"अगं, तिचं पडणं कधीच वजा करून झालंय. फक्त पाय आधी टेकले पाहिजेत. मग खुशाल लोळू दे. पाठ नाहीतर डोकं आधी टेकलं, तर शून्य."

सूर्यफुलाच्या बीचं साल थुंकावं तितक्या सहज म्हातारी हे बोलली. ओटिलियाने क्रूसाची खूण केली. उठावं, पोरीला दंडाला धरून घरी न्यावं, असं तिला फार वाटलं. पण चार लोकांत हसं झालं असतं, आणि पोरीने जन्मभर तोंड पाहिलं नसतं. ती बसून राहिली.

हिरवा दिवा लागला. सन्झियानाने परीक्षकांना हात उंचावून दाखवला आणि ती धावत सुटली. ओटिलियाला डोळे मिटायचे होते, पण ते उडीनंतर उतरायच्या गादीवर खिळले होते. पोरगी धावपट्टीच्या शेवटच्या उडीच्या टेबलावर हात मारून उडाली, हवेत गिरकी घेत खाली आली, फारच खाली. पाय टेकले, गुडघे दुमडले आणि ती बदकन बसली.

"टेकले!" ओटिलिया ओरडली. "पाय आधी टेकले, मावशी, मी पाहिलं."

"शिकलीस की," स्मारांडा तिच्या पाठीवर थोपटत म्हणाली. "गेली पोरगी शिबिराला."

विओरिकाबाई टाळ्या वाजवत होत्या. परीक्षकांच्या माना कागदांवर झुकल्या. ओटिलियाला हसू आवरेना, आणि मग एकाएकी तिच्या लक्षात आलं, की पायांखेरीज तिने काहीच पाहिलं नव्हतं.

सन्झियाना अजून गादीवरच होती. गुडघा दोन्ही हातांनी घट्ट धरून ती प्रेक्षकांत आईला शोधत होती.