आठवड्यातून एकदा बॅग

कोणताही मोठा शोध लागायला एकांत लागतो, आणि एकांतात केलेलं निरीक्षण लागतं. नरसिंग वाघमारेला एकांतासाठी लातुरातला एक गोठा मिळाला. त्यात आधीच एक म्हैस होती.

लातूर जिल्हा होऊन चौथं वर्ष चाललं होतं. नव्या जिल्ह्याला कलेक्टर मिळाला, एस.पी. मिळाला, आणि ज्याअर्थी इतर जिल्ह्यांना असते त्याअर्थी मुष्टियुद्ध संघटनाही मिळाली. तिला अध्यक्ष होते, सचिव होते, रबरी शिक्का होता. ठोसा मारणारा तेवढा नव्हता. जिल्हा क्रीडा कार्यालयाच्या वार्षिक तक्त्यात ‘मुष्टियुद्ध’ या रकान्यापुढे दरवर्षी ‘निरंक’ असं लिहावं लागे, आणि ते लिहिणारा कारकून होता नरसिंग. तीनदा निरंक लिहिल्यावर त्याला कुतूहल वाटू लागलं, की या जागी माणसाचं नाव लिहिलं तर ते कसं दिसेल? दुसरं कोणी तयार होईना, म्हणून तो स्वतःच उभा राहिला.

संघटनेचे सचिव व्यंकटराव. फौजेतून हवालदार होऊन परतलेले, आणि तरुणपणी पलटणीकडून दोन लढती जिंकलेले. दुष्काळ पडण्याआधी त्यांनी फौजेच्या जुन्या किटबॅगेत चाळीस किलो सरकी ठासून ती आपल्या गोठ्याच्या आढ्याला टांगली होती. वाळू भरली तर मनगट जातं, असं त्यांचं म्हणणं. बॅगेच्या मागे तीन विता अंतरावर छपराला आधार देणारी एक लाकडी मेढ होती.

“एका ठोशात बॅग मेढीला लाव,” व्यंकटरावांनी सांगितलं, “त्या दिशी नांदेडच्या विभागीय स्पर्धेला तुझं नाव धाडतो. मे सरायच्या आत न्हाई लागली, तर औंदाबी निरंक.”

“हाव, उस्ताद,” नरसिंग म्हणाला. पहिल्या दिवशी बॅग चार बोटं हलली. म्हशीने मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

आठवड्याचं वेळापत्रक भिंतीवर कोळशाने लिहिलं होतं. सोमवार, बुधवार, शुक्रवार बॅग. मधल्या दिवशी बाहेर अंगणात दोरीच्या उड्या आणि हवेत ठोसे. रविवारी सुट्टी. यामागचं कारण शास्त्रीय होतं : त्याच तीन दिवशी गल्लीत पाण्याचा टँकर यायचा. बॅगेचा घाम काही रुमालाने पुसून ऑफिसात जाण्यासारखा नव्हता. सकाळी शेवटी व्यंकटराव लोटाभर धारोष्ण दूध त्याच्या हातात देत. एवढ्या दुष्काळात ही म्हैस आटली कशी नाही, याचं गल्लीला नवल होतं.

मार्चात टँकर आठवड्यातून दोनदा येऊ लागला. बॅगही दोनदाच झाली. नरसिंगला वाटलं, संपलं आता सगळं. पण बॅग एक वीत हलली. एप्रिलात टँकर एकदाच, फक्त सोमवारी. बॅग दोन विता गेली.

नरसिंग चक्रावला. त्याने जुन्या तक्त्याच्या कोऱ्या बाजूवर वार आणि विता मांडून पाहिल्या. जितकं कमी मारावं तितकी बॅग लांब जात होती.

“उस्ताद, ठोसा आरामात पिकतो असं दिसून राहिलंय.”

“फौजेत आम्ही रोज मारायचो लेका!”

“मग फौज चुकली म्हणायची का?”

“फौजेत पाणी रोज येतं,” व्यंकटराव म्हणाले. पण त्या दिवशी त्यांनीही बॅगेकडे बराच वेळ पाहिलं.

शास्त्र एकदा हाती लागलं की माणूस थांबत नाही. मे महिन्यात नरसिंगने एक सोमवार मुद्दाम सोडला. पुढच्या सोमवारी उजव्या हाताचा एकच ठोसा घातला, आणि बॅग मेढीवर अशी आदळली की आढ्याची माती म्हशीच्या पाठीवर पडली. व्यंकटरावांचे डोळे भरून आले. त्यांनी तिथेच, गव्हाणीवर कागद ठेवून, साठ किलोच्या गटात नरसिंगचं नाव भरलं आणि शिक्का मारला.

आनंदाने नरसिंगचं कुतूहल काही भागलं नाही. उस्ताद आत गेल्यावर त्याने डाव्या हाताने मारून पाहिलं. बॅग मेढीला लागली. मग कोपराने. लागली. मग नुसती ढकलली.

मंगळवारी हवेतले ठोसे सोडून तो गुपचूप गोठ्यात डोकावला. व्यंकटरावांची बायको, नागुबाई, पालथ्या घमेल्यावर उभी होती. तिने बॅगेचं तोंड सोडलं होतं. एका हाताने ती सरकी टोपल्यात काढत होती आणि दुसऱ्या हाताने गोधडीच्या चिंध्या आत कोंबत होती.

“काकू! काय करून राहिलात?”

“म्हशीला घालून राहिले. दिसंना का?”

“अवो, पण ती बॅग हाय माझी!”

“तुझ्या बॅगंच्या दिशी मी हातबी लावत न्हाई. तुझ्या कामात कशाला आडवं यावं?”

नरसिंग गव्हाणीवर बसला. टँकर, वार, विता, सगळं एकदम जुळलं.

“उस्तादला ठाऊक हाय?”

“त्येंचं सगळं ध्यान बॅगंवर. म्हशीकडं कोण बघतंय? कडबा मिळंना, पेंड मिळंना. अन् रोज लोटाभर दूध पितोस, ते काय टँकरमधून येतंय व्हय?”

नरसिंगच्या मनात आलं, की सरकी म्हशीत गेली, म्हशीचं दूध आपल्यात आलं. म्हणजे बॅगेचा जोर शेवटी आपल्याच दंडात उतरला असणार. रस्ता तेवढा वेगळा. सिद्धांत वाचला होता. त्याने काकूंना बॅगेचं तोंड बांधून दिलं, आणि उस्तादला काही न सांगता पुढच्या शनिवारी नांदेडची एस.टी. धरली.

नांदेडला लढतीआधी वजन झालं. काटा साडेएकसष्टवर थांबला. पंचांनी बनियनही काढायला लावलं. साडेएकसष्ट. साठच्या गटात साडेएकसष्ट चालत नाही, आणि गट बदलायची मुदत आदल्या दिवशी संपली होती.

सोमवारी ऑफिसात नरसिंगने तक्ता भरला. मुष्टियुद्ध : निरंक.