रिकाम्या मुठीतली छत्री

राजधानीचं शहर आवा पडलं ते नेमकं पाणी उडवायच्या सणात. आता काय म्हणावं! बंडखोरांनी सकाळी राजवाडा घेतला, आणि दुपारी तेच बंडखोर बादल्या घेऊन पोरींबरोबर रस्त्यात नाचायला लागले. त्याच गर्दीतून, बांबूची सुपं विकणाऱ्याच्या वेषात, आव्याचा राजा पळून चालला होता. सोबतीला एकटा ऊ चान. केस काळे होते तेव्हापासून हा म्हातारा राजावर पांढरी छत्री धरत आला होता.

"मला काका म्हणायचं. आणि तुमचं नाव ख्वे," ऊ चानने बजावलं.

"ख्वे? कुत्रा?" राजा जाम खूश. "माझ्या सगळ्या बिरुदांपेक्षा हे सुटसुटीत आहे की!"

तेवढ्यात एका पोरीने भरली बादली त्याच्या तोंडावर रिकामी केली. आजवर त्याच्यावर पाणी शिंपडायचं ते चांदीच्या वाटीतून, गुडघे टेकून. हा बाबा खिदळायलाच लागला! "काका, अजून एक!" ऊ चानने मात्र त्याला दंडाला धरून पुढे ओढलं. वेशीवर पहारा होता, राजा ओळखू आला तर मुंडकंच जाणार होतं.

वेशीवर हवालदाराने भाला आडवा धरला. "ए म्हाताऱ्या, हात कशाला वर?"

ऊ चानने वर पाहिलं. हाताने घात केला होता! उजवी मूठ राजाच्या डोक्यावर, रिकामी, अगदी ताठ. त्याने ती खाली ओढली. मेली पुन्हा वर गेली.

"असा हात राजाच्या छत्रीवाल्याचाच," हवालदाराने डोळे बारीक केले. "मग खाली हा कोण उभाय?"

ऊ चान डाव्या हाताने उजवा हात खाली दाबायला लागला. राजाने मात्र कमरेवर हात ठेवला. "कोण म्हणजे? पुतण्या! उन्हाने डोकं फिरलंय काकाचं, सकाळपासून छत्री छत्री करतोय. घे रे बाबा, ही घे तुझी छत्री!" आणि हातातलं सूप त्याने म्हाताऱ्याच्या टकलावर धरलं.

हवालदार पोट धरून हसला. राजा कधी कुणावर छत्री धरतो होय? "चल, ने ह्या येड्याला!" वरून एक बादली ओतलीच.

वेस मागे पडली. नदीकाठी चिटपाखरू नव्हतं, तरी सूप डोक्यावरच.

"सरकार, ठेवा आता खाली. कुणी बघत नाहीये."

"सरकार कोण? ऊन आहे, गुमान चल."

ऊ चानला रडू फुटलं, हसूही फुटलं. थोडं पुढे गेल्यावर त्याच्या ध्यानात आलं, आपला उजवा हात आपणहून खाली आलाय.

"हात दुखतो का रे ख्वे?"

"मरणाचा," राजा म्हणाला. "काका, तुम्ही छत्री कशी धरलीत हो इतकी वर्षं?"