हाकेच्या अंतरावरची धर्मशाळा

दवाखान्यासमोरची धर्मशाळा राजमतीबाईंनी बांधली ती आजाऱ्यांच्या माणसांसाठी. ओसरी मुद्दाम रस्त्याकडं, सताड उघडी. वॉर्डात कुणाला बोलवायचं असलं की शिपाई फाटकात येऊन नावानं ओरडतो. ती आरोळी पडल्या जागी ऐकू यावी, एवढ्यासाठी.

बाईंचा पणतू जिनेश. त्यानं ओसरीला जाड काच लावली, एसी बसवला, आत पलंग आणि सोफे विकायला मांडले. दगडी खांब तेवढे ठेवले. गिऱ्हाइकाला जुनं आवडतं, जुनी माणसं सोडून.

गगनबावड्याकडची चिमणाबाई खोत दोन रात्री जागी होती. नवरा आण्णा दम लागून वॉर्डात. पोरगा राजवीर औषध शोधत शहरभर फिरत होता, घरातला एकुलता एक फोन त्याच्याकडं.

"मावशी, हितं गर्दी नको," शिपाई म्हणाला. "लांब जाऊ नका. लागलं तर हाक मारतो."

"समोर धर्मशाळंत हाय की."

सुनेच्या बाळंतपणात ती तिथंच राहिली होती. चपला बाहेर काढून ती आत गेली आणि थबकली. ओळीनं पलंग, पांढऱ्या गाद्या.

"भलं हू दे रं बाबा त्येचं. गाद्याबी घातल्या!"

कडेच्या पलंगावर ती आडवी झाली. विक्रीवाली आदिती धावत आली.

"ओ मावशी, उठा! विकायला ठेवलंय ते."

"मग विका की. मी काय डोक्यावर घिऊन पळतीया व्हय? जरा पाठ टेकती."

बोलता बोलता डोळा लागला. आदिती हलवून उठवणार, तर जिनेशच म्हणाला, "राहू दे गं. दुपारचं कोण येतंय?"

माणूस वाईट नव्हता. असली वाईट नसलेली माणसंच जास्त महागात पडतात. त्यानं झोपलेल्या म्हातारीचा फोटो काढला, खाली लिहिलं, 'पाठ टेकताच झोप', आणि दुकानाच्या नावानं इंटरनेटवर टाकला. मग गारवा जाऊ नये म्हणून काचेचं दार घट्ट ओढून घेतलं.

"आण्णा खोतांचं कोण हाय?" शिपाई फाटकातून ओरडला. चहावाल्यानं मान वळवली. रिक्षावाल्यांनी ऐकलं. "ओ, आण्णा खोत! कोण हाय का न्हाय?"

काचेआड चिमणाबाई कुशीवर वळली.

राजवीर औषध घेऊन आला तेव्हा फाटकात आई नव्हती. समोर पाहतो तर दुकानात मांडल्यागत झोपलेली. त्यानं मुठीनं काच बडवली.

"काच हाय ती, पावणं! फुटंल!" जिनेश आतून ओरडला.

वॉर्डात आण्णाच्या तोंडावर चादर ओढलेली होती. "दोनदा आलतो की फाटकात," शिपाई म्हणाला. "सारखं तुम्हालाच बोलवा म्हणत हुते. पाणीबी दुसऱ्याच्या हातनं घेईनात."

राजवीर जिनेशच्या नावानं शिव्या देत दाराकडं निघाला. चिमणाबाईनं त्याचं मनगट धरून ठेवलं. रडली नाही. शिपायाकडं वळली.

"आता मार की हाक," ती म्हणाली. "हितंच हाय मी."