मऊ जॅकेट

पूर आला की आमच्या खरेदी खात्याला उधाण येतं. निविदा नको, भावांची तुलना नको. 'तातडीची गरज' एवढं लिहिलं की ऑर्डर निघते. या वेळी बुडू नये म्हणून अंगात घालायची जॅकेटं हवी होती आणि ती ऑर्डर मिळाली आमच्या अधिकाऱ्यांच्या दाजींना. दाजींचा धंदा गाद्यांचा. अधिकारी दाजी म्हणायचे म्हणून शिपायापासून सगळेच त्यांना दाजी म्हणत. माणूस एका बहिणीचा नवरा, पण जावई अख्ख्या खात्याचा.

नमुना आला तेव्हा अधिकाऱ्यांनी तो अंगठ्याने दाबून पाहिला, मग खुर्चीत पाठीमागे ठेवून रेलले. "मऊ आहे," म्हणाले. झाली तपासणी.

माल निघायच्या आदल्या दिवशी दाजी पडलेल्या चेहऱ्याने ऑफिसात आले. कारखान्यातल्या हौदात एक जॅकेट पडलं होतं, ते बाहेर काढायला दोघे लागले. आत गादीचाच स्पंज होता, पाणी पिऊन टम्म झालेला.

"माल थांबवायचा का?"

"दाजी," अधिकारी म्हणाले, "बोटीवाल्यांकडे त्यांची जुनी जॅकेटं आहेत. ही वस्तीतल्या लोकांना वाटायची. घालून छपरावर बसतील बिचारे. उडी कोण मारतंय?"

दाजींना ते पटलं. मला संताप येतो तो याचाच, की हातातला चहा संपायच्या आत पटलं.

मग मंत्र्यांच्या कार्यालयातून निरोप आला. पुरवठादाराने स्वतः बोटीतून जॅकेटं वाटावीत आणि अंगातही आपलंच घालावं. फोटो चांगला येतो. दाजींना पोहता येत नव्हतं.

रस्ता जिथे पाण्याखाली जात होता तिथे बोट लागली होती. दाजींनी नावाड्याच्या अंगातल्या फाटक्या जॅकेटकडे पाहिलं.

"मला असलं एखादं द्या की."

"का हो, स्वतःच्या मालावर भरवसा नाही?" फोटोग्राफर म्हणाला.

सगळे हसले. दाजी हसले नाहीत, ते अधिकाऱ्यांकडे बघत होते. अधिकारी एक शब्द बोलले असते तर दाजी वाचले असते आणि त्यांची स्वतःची नोकरी गेली असती. ते पुढे झाले, दाजींचे पट्टे आपल्या हातांनी आवळले आणि पाठीवर थाप मारली.

"शोभतंय तुम्हाला."

वळणावर विजेच्या खांबाला घासून बोट कलंडली. नावाडी वर आला. फोटोग्राफर त्याला धरून वर आला. दाजी सरळ खाली गेले. बाहेर काढल्यावरही पट्टे सुटेनात, शेवटी सुरीने कापावे लागले. बोट जुनी होती, असं बातमीत आलं. उरलेली जॅकेटं संध्याकाळपर्यंत वाटून झाली.

आम्ही दाजींच्या घरी भेटायला गेलो तेव्हा अधिकारी बहिणीच्या शेजारी बसून ढसाढसा रडत होते. नाटक नव्हतं ते, खरंच रडत होते. मग त्यांनी डोळे पुसले आणि आवाज खाली आणला.

"ताई, पाणी ओसरतंय. आता मृतदेहांसाठी पिशव्या लागतील. याही वेळी निविदा नाही. शिलाई मशिनं आहेतच तुझ्याकडे."



"हौदाचं सांगितलं होतं त्यांनी मला," ताई म्हणाली. "पिशवीत स्पंज घालावा लागत नाही ना?"

"नाही."

"मग देते शिवून."