डर्व्हलाबाईंच्या शाळेचे दार

मित्रांनो, मी एक जुने दार आहे, पण माझे खरे आयुष्य गेले ते आडवे पडून. आयर्लंडमधल्या क्लेअर परगण्यात एका सुताराने मला पाइनच्या फळ्यांतून घडवले. ज्या घराला मला बसवले, तिथे पुढे डर्व्हलाबाईंनी परदेशी विद्यार्थ्यांसाठी शाळा काढली. ना सरकारचा आधार, ना कुणा संस्थेचा. इथली भाषा, गाणी आणि नाच शिकायला ब्राझील, पोलंड, जपान, कुठकुठून मुले येत.

नाच शिकवायला गावातले म्हातारे फिनबारकाका होते. घरातली फरशी दगडाची, तिच्यावर बुटांचा ताल उमटत नसे. मग आमच्याकडच्या जुन्या रीतीप्रमाणे काका मला बिजागऱ्यांवरून उतरवून जमिनीवर टाकत आणि माझ्यावर नाचत. वारा थेट आत घुसे, मुले कुडकुडत.

"थंडी वाजतेय? मग नाच की, पोरी!" काका जपानच्या साचिकोला म्हणत. "आणि ते हात खाली! माश्या हाकलतेस काय?"

साचिको सगळ्यांत हट्टी. काकांच्या आजोबांपासून चालत आलेला एक नाच तिने हिवाळाभर घोटला. जमला त्या दिवशी काका नाक शिंकरत बाहेर गेले. मला फार आनंद झाला.

काकांचा मुलगा कॉर्मक मात्र कधी आत आला नाही. माझ्या रिकाम्या चौकटीतूनच ओरडायचा, "बाबा, परक्यांपुढे माकडासारखे नाचताय, गाव हसतंय!"

"मग तू ये. तुला शिकवतो."

"मला कामं आहेत."

तो बोस्टनला गेला. पुढे विद्यार्थीही घटत गेले. डर्व्हलाबाईंनी शाळा ओढूनताणून चालवली आणि शेवटी मला कुलूप लावले. काका अधूनमधून येत, माझ्यावर हात ठेवून उभे राहत आणि परत जात. यंदा ते वारले.

अंत्यविधी झाल्यावर कॉर्मक डर्व्हलाबाईंना घेऊन शाळेत आला. "बाबांच्या त्या नाचाचं कुणी चित्रण केलंय का हो?"

"कॅमेरा दिसला की खाली बसायचे ते," बाई म्हणाल्या. "साचिकोला येतो. ओसाकात शिकवते ती."

"म्हणजे माझ्याच बापाचा नाच शिकायला मी जपानला जाऊ?"

बाईंनी माझ्या बिजागऱ्यांकडे बोट दाखवले. मग दोघांनी मिळून मला उतरवले. कॉर्मक माझ्यावर उभा राहिला. मी वाट पाहिली. त्याचे पाऊल काही उचलले गेले नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणाला काहीतरी येत असेल. आजच शिकून घ्या. मला काकांचे पाऊलन्‌पाऊल पाठ आहे हो, पण दाराला शिकवता येत नाही.