अंगणाला लागलेला मचवा

मी एक मचवा बोलतोय. दचकू नका. पाण्यावरचा नव्हे, अंगणातला. डोंबिवलीच्या खाडीकाठच्या एका गावात, धाकूच्या घरापुढे, शेवग्याखाली मी बसलोय. बसलोय म्हणजे कायमचाच. मला उठवील असं पाणी आता इकडे येत नाही.

जन्म मात्र इथलाच. सुताराने सागाच्या फळ्या वाकवल्या, फटींत कापूस नि राळ भरली, आणि धाकूच्या बापाने मला हळदकुंकू लावून पाण्यात लोटलं. जन्मभर मीठ वाहिलं बघा. भरतीबरोबर कल्याणच्या बंदराला जायचं, ओहोटीबरोबर रिकामं परत यायचं. धाकू तेव्हा मिसरूड फुटलेला पोरगा. सुकाणूवर बसून गाणी म्हणायचा, अगदी बेसूर. खाडीत ऐकायला कोण होतं!

पुढे मिठागरं गेली आणि मी चिखलात पडून राहिलो. लोक म्हणाले, "धाकू, फोड नि चुलीत घाल."

"बापाला कोन चुलीत घालतं काय रं?" धाकू म्हणाला. भावकीतले गडी लावून त्याने मला अंगणात आणलं. मग माझ्यात कोंबड्या अंडी घालू लागल्या. धाकूच्या बायकोने, गोदाने, सरपण रचलं, सुकी मासळी वाळत टाकली. माणूस म्हातारा झाला की त्याच्या खांद्यावर टॉवेल वाळत घालतात, तसंच ते. राग नाही आला कधी.

मग स्वप्ना आली. ठाण्याच्या नौपाड्यात वाढलेली, लग्न होऊन इकडच्या नव्या इमारतीत आलेली. गावकीच्या खोलीत ती बालवाडी घ्यायची. खोली काळोखी, खिडकी एकच, पोरं आत पाऊल टाकलं की रडायची. एक दिवस ती धाकूला म्हणाली, "आजोबा, सकाळचं अंगण वापरू का थोडे दिवस?"

"अंगन हाय, मचवा हाय. पोरां आन," धाकू म्हणाला. झालं. थोड्या दिवसांची वर्षं झाली.

पोरं माझ्यात बसून चिंचोके मोजतात. ओहोटीला एकमेकांचा हात धरून काठावर जातात, चिखलात निवट्या मासोळ्या कशा उड्या मारतात ते बघतात, आणि परत येऊन माझ्यात तशाच उड्या मारतात. माझी हाडं वाजतात, पण बोलायचं कुणाला? गोदा त्यांना तांदळाची भाकरी थापायला बसवते. चाळीतल्या एका पोराची आजी साताऱ्याकडची, ती येऊन बाजरीचं कणीस दाखवते. मग दोघी म्हाताऱ्यांचं भांडण जुंपतं, कुणाची भाकरी खरी. पोरं दोन्ही खातात.

धाकूची नात समृद्धी त्यांच्यातच. ती रोज माझी फळी चाटून बघते नि ओरडते, "टीचर, अजून खारटच आहे!"

आता एक गोष्ट सांगतो, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. या घरात 'बंद केलं', 'संपलं' असं तोंडातून काढत नाहीत. दिवा विझवत नाहीत, वाढवतात. बांगडी फुटत नाही, वाढते. दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. वाईट शब्द नको, म्हणून जुन्या माणसांची ही रीत. तुमच्याकडेही असेल. मिठागर कायमचं बसलं तेव्हा धाकूचा बाप एवढंच म्हणाला होता, "वाढवलं रं मिठागर." आणि घरात कुणी जेवलं नव्हतं.

तर दसऱ्याच्या आधी, पोरं घरी गेल्यावर, स्वप्ना धाकूजवळ येऊन बसली.

"आजोबा, बालवाडी वाढवावी म्हणतेय. आधी तुमच्या कानावर घालते."

तंबाखू मळता मळता धाकूचा अंगठा थांबला. "वाढवतेस?"

"हो. केव्हापासून मनात होतं."

"आईबापांना विचारलंस पोरांच्या?"

"सगळे खूश आहेत!"

धाकूने मळलेला तंबाखू खाडीकडे झटकून टाकला. मग म्हणाला, "तुजे मनात हाय तर वाढव, बाय. मी कोन आडवनारा?"

ती पाया पडून हसत गेली. धाकूला वाटलं, शाळा मोडताना ही पोरगी हसते कशी? मीही याच घरचा. मलाही तेच वाटलं.

धाकूचा मुलगा मितेश. वागळे इस्टेटमध्ये कामाला होता, कारखाना बसला नि तो घरी बसला. अंगणात हळदीचा हॉल बांधायचा, असं त्याने मनात धरलेलं. गावात हळदीला सगळा गाव लोटतो, रस्त्यावर मांडव घालावे लागतात, हॉल चालला असता. पण बाप म्हणायचा, "पोरां खेलतान रं तिथं." त्या संध्याकाळी बापच मितेशजवळ गेला.

"बायच शाला वाढवते. मंग अंगन राखू कोनासाठी? घे तुना हॉलला."

मितेशने बापाला मिठीच मारली. विनीत म्हणून त्याचा दोस्त पैसा घालणार होता. धाकूने गावकीच्या बैठकीत त्याच्यासमोर शब्द दिला. आमच्याकडे शब्द दिला म्हणजे दिला.

दसरा झाला आणि एका सकाळी फाटकात जेसीबी उभा राहिला. अंगणात पूजा मांडली. मितेशने नारळ वाढवला, पाणी जमिनीवर सांडलं, आणि तेवढ्यात पोरांची रांग घेऊन स्वप्ना आत आली.

"अय्या! शेडचा मुहूर्त? आजोबा, सांगायचं तरी! मी साडी नेसून आले असते."

"कसली शेड, टीचर?" मितेश म्हणाला.

"बालवाडी वाढवतोय ना आपण. पोरं किती झालीत, बसायला जागा नको?"

गोदाच्या हातातलं ताट तसंच राहिलं. "अगो बाय... वाढवतेस म्हंजी मोठी करतेस?"

"मग? दुसरं काय?"

"यांना वाटलं, तू टालं लावतेस!"

गावकीतलं कुणीतरी फसकन हसलं. हसणारा एकटाच पडला.

"बाबा, आता नाय हां," मितेश हळू आवाजात म्हणाला. "विनीतला शब्द दिलाय तुमी. सगळ्यांसमोर."

"दिला. पन चुकीच्या शब्दावर दिला रं."

"तुमी शब्द मोजत बसा. मी घरी बसलोय, त्याचं काय?"

त्याचंही खोटं नव्हतं. स्वप्ना तर पोरांना पोटाशी धरून उभी होती, चूक आपल्याच जिभेची असल्यासारखी.

गोदा म्हणाली, "वाढवलेला नारल जोडता येत नाय. पन खोबरं कोनाच्या हातावर ठेवाचं, ते आपलेच हाती हाय ना? अर्धं अंगन तुजं, अर्धं पोरांचं."

"आई, अर्ध्या जागेत हॉल नाय होत. गाड्या कुठं लावणार?"

मग धाकू उठला. लुंगी सावरली, पाय उचलला नि माझ्यात येऊन बसला. पोरांना वाटलं, शाळा भरली. ती सगळी धबाधबा चढली. समृद्धीने बापाला हाक मारली, "पप्पा, तू पण ये. चप्पल काढ आधी!"

मितेशने लेकीकडे बघितलं, मग बापाकडे, आणि फाटकाबाहेर निघून गेला. जेसीबीही मागे मागे गेला.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी मितेशने अंगणाच्या एका बाजूने पत्रे उभे केले, ते अजून तसेच आहेत. उरलेल्या बाजूने पोरं येतात, पण कमी. आईबाप विचारतात, "कधीपर्यंत आहे इथे?" स्वप्नाने एका इमारतीत वरच्या मजल्यावरची खोली बघून ठेवलीय. तिथून खाडी दिसते म्हणे. दिसते, पण काचेतून निवट्या काय हातात येणार?

बाप-लेक एका घरात राहतात नि बोलत नाहीत. धाकू जेवायला आत गेला की मितेश ओट्यावर येतो, मितेश आत गेला की धाकू बाहेर. गोदा दोनदा ताटं वाढते. पोरं गेल्यावरही धाकू माझ्यातच बसून असतो. त्याला वाटतं, आपण उठलो की जागा गेली.

काल मितेश पत्र्याआड येऊन उभा राहिला होता. फटीतून बापाच्या पाठीकडे बघत होता. मी बघितलं, धाकूने नाही.

मितेश, पोरा, तुला सांगतो. मी लाकूड आहे. माझा हॉलचा दरवाजा कर, नाहीतर सरपण कर, माझं मागणं काही नाही. पोरांचं मात्र तुला ठरवावं लागेल, आणि जे ठरवशील ते पत्र्याआडून नको, उभ्या उभ्या नको. चप्पल काढ, आत ये, म्हाताऱ्याच्या शेजारी बस, आणि मग सांग. दोघांना जागा आहे माझ्यात.