त्रिंबक जोशांची घटका

त्रिंबक जोशांना जगातल्या बहुतेक गोष्टींचा राग यायचा, पण त्या साली चैत्रात तो सगळा राग एका पुस्तकावर येऊन बसला. पुस्तक आलं नगरहून. निजामाच्या मोगलाईत मराठी छापील कागद दिसायची मारामार, आणि पाटोद्याच्या बाजूच्या गावांना नगरची हद्द तशी जवळची. भगवानराव पाटलांचा राधाकिशन तिकडं शिकायला होता. सुट्टीत येताना पिशवीत काहीबाही घेऊन यायचा. एरवी पंचांग, नाहीतर आरत्या. यंदा त्यानं बहिणीसाठी कादंबरी आणली.

बहीण म्हणजे छबू. पंधरावं सरलेलं, भावाकडूनच वाचायला शिकलेली. दुपारी पाटलांच्या ओसरीवर बाया चिंचा फोडत बसायच्या आणि छबू मोठ्यानं वाचायची. बघता बघता गावातली निम्मी पोरं ओसरीखाली जमू लागली. इकडं संध्याकाळी जोशीबुवा मारुतीच्या देवळात पोथी सांगत, तिथं एक बहिरी म्हातारी आणि खांबाला टेकून डुलक्या घेणारे दोघं. त्यातला एक घोरायचासुद्धा.

गोष्ट अशी होती. सोळा वर्षांचा एक पोरगा आजोबांचं घटिकापात्र चोरतो, तळ्यात सोडतो आणि स्वतः त्यात बसतो. पात्र बुडालं की हा वर निघतो तो थेट तीनशे वर्षं मागं. मग भुयारं, तलवारी, कैदेतली राजकन्या. पुन्हा पात्र, पुन्हा बुडी, आणि पठ्ठ्या आणखी मागं.

जोशांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घटिकापात्र म्हणजे त्यांचा धंदा, त्यांच्या बापाचा धंदा. तांब्याची एक वाटी, तिच्या बुडाला सुईच्या टोकाएवढं भोक. घंगाळातल्या पाण्यावर ती सोडायची. भोकातून पाणी आत चढत जातं, वाटी बुडते, आणि ती बुडली की एक घटका झाली. गावातलं प्रत्येक लग्न या वाटीच्या बुडण्यावर लागायचं. आता गावातली शेंबडी पोरं दारात येऊन विचारायला लागली, "बुवा, तुमच्या वाटीत बसून कुटवर जाता येतं?"

शिव्या द्यायच्या तर वाचून द्याव्यात, म्हणून बुवांनी पुस्तक मागून नेलं. परत द्यायला आले ते ओसरी भरलेली बघूनच.

"वाटीत माणूस बसतो म्हणे!" ते खालूनच गरजले. "वाटीत लिंबू बसलं तर पुष्कळ. हा कार्टा तीनशे वर्षं मागं जातो, तिथल्या राजाला याची बोली कळते, याची टोपी बघून एक माणूस हसत नाही, आणि अख्ख्या पुस्तकात याला एकदा भूक लागत नाही! लिहिणारा लबाड आहे. वेळेबद्दल खोटं बोलणारा माणूस मी माझ्या दारात उभा करत नाही."

छबूनं पुस्तक घेतलं, पदराला पुसलं आणि विचारलं, "मंग तुमी कावून पुरं वाचलं, बुवा?"

बाया चिंचा टाकून हसल्या. बुवा छत्री उघडून निघाले. ऊन नव्हतं, पण काहीतरी उघडणं भाग होतं.

ज्येष्ठात छबूचं लग्न ठरलं. नवरदेव शिरूरचे सुंदरराव. जमीन मुबलक, म्हशी मुबलक, वय चाळिशीच्या पार, आणि दोन बायका एकामागून एक वर गेलेल्या. त्यांना घाई होती, कारण घरात भाकरी थापायला कुणी नव्हतं. निरोपातच त्यांनी बजावलं होतं, "आषाढीच्या आत कार्य झालं पायजे. न्हाईतर आमाला दुसरी जागा तयार हाय." आषाढी एकादशीनंतर चातुर्मास, आणि चातुर्मासात लग्न लागत नाही. जोशांनी पत्रिका पाहिल्या. गुण जुळले. सुंदररावांचे गुण कुणाशीही जुळत, हे दोन बायकांनी दाखवून दिलंच होतं. छबूला विचारायची पद्धत नव्हती, आणि बुवांनीही ती नव्यानं पाडली नाही.

तिथी निघाली ती एकच, आषाढीच्या अलीकडची शेवटची. मुहूर्त दिवस मावळायच्या आतला.

लग्नाच्या दिवशी आभाळ दाटलेलं. सावली नाही, सूर्य नाही, सगळी भिस्त वाटीवर. रिवाजाप्रमाणं वाटी आधी नवरीपाशी गेली. नवरी मांडवात येण्याआधी माजघरात गौरीहरापाशी एकटी बसते, देवीवर अक्षता टाकते, आणि घटिकापात्राला हळदकुंकू लावते. छबूनं लावलं. बुवांनी वाटी आणली, घंगाळात सोडली आणि पाटावर मांडी ठोकून बसले.

अंतरपाट धरला गेला. मंगलाष्टकं सुरू झाली. वाटी तरंगत होती. मंगलाष्टकं संपली, पुन्हा पहिल्यापासून झाली. ती म्हणणाऱ्या भटजींचा घसा बसला. एका हौशी मामानं स्वतः रचलेली अष्टकं म्हटली, ती कुणाला कळली नाहीत. वाजंत्री ताशावर काड्या रोखून उभे. अक्षता मुठीत घामानं भिजल्या. वाटी आपली डुलतेय.

मग वेशीकडून गुरांच्या घंटा ऐकू आल्या. रानातून गुरं परतली म्हणजे दिवस बुडाला. बुवा घंगाळावर वाकले. त्यांनी वाटी उचलली आणि आत पाहिलं. वाटी कोरडी ठाक. भोकावर मेण, मेणावर कुंकू. बाया कपाळाला कुंकवाखाली लावतात तेच मेण, बोटानं नीट दाबून बसवलेलं.

त्यांनी अंतरपाटाच्या कडेनं छबूकडं पाहिलं. मुंडावळ्यांतून ती नवऱ्याकडं बघत नव्हती, खाली मानही घालून नव्हती. ती वाटीकडं बघत होती. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"काय झालं, बुवा?" भगवानराव पाटलांनी विचारलं. त्यांच्या आवाजात आत्ताच धार होती. खरं कळलं असतं तर त्यांनी पोरीला त्याच मांडवात फोडून काढली असती.

सुंदररावांच्या एका नातलगानं साखळीचं घड्याळ काढलं. "अजून टाइम हाय. लावा लगीन."

"ते घड्याळ?" बुवा म्हणाले. "किल्ली द्यायची राहिली की झोपतं ते. त्याच्यावर म्हैस सोडायची का नाही तेसुद्धा मी ठरवणार नाही."

"मंग तुमची वाटी काय म्हनती?"

खरं सांगायचं तर त्या क्षणी बुवांना दया वगैरे आली नव्हती. मेण खरवडून 'सावधान' म्हटलं असतं तर सगळे खूश झाले असते. पण टळलेल्या वेळेला वेळ म्हणणं त्यांच्या जिभेवर येईना. आणि पोरीचं नाव घ्यायचं तर कादंबरी वाचून डोकं फिरलेल्या एका पोरीनं जोशाला भर मांडवात बनवलं, हे स्वतःच्या तोंडानं कबूल करावं लागणार. त्यापेक्षा मरण बरं.

"भोकात घाण बसली," ते म्हणाले. "चूक माझी. वेळ गेली."

पुढचं सांगण्यासारखं नाही. वऱ्हाडानं बुवांच्या बापापासून मुलापर्यंत कुणाला सोडलं नाही. सुंदररावांच्या बैलगाड्या न जेवता शिरूरच्या वाटेला लागल्या. भगवानराव एवढंच म्हणाले, "बुवा, आता मांडवात येत जाऊ नका." त्यानंतर गावानं पत्रिका बघायला पाटोद्याचा जोशी धरला. बुवांकडं उरली पोथी आणि ती बहिरी म्हातारी.

दोन दिवसांनी छबू मांडवात राहिलेलं घंगाळ पोचवायला आली. बुवा दाराशीच होते.

"शहाणे," ते दात खाऊन म्हणाले, "पुस्तकातल्यासारखं मागं जायचं होतं होय? राजकन्या व्हायचं होतं?"

"मागं जाऊन काय करू? मागं बी आमी बायाच." घंगाळ तिनं उंबऱ्यावर ठेवलं. "पुस्तकातला पोरगा पात्र बुडालं की जातो. मी म्हणलं, न्हाईच बुडालं तर? मला कुटंच जायचं न्हवतं, बुवा. मला हितंच थांबायचं व्हतं."

बुवांनी घंगाळ रागानं आत ओढलं. ती गेली. त्या छापखान्यातल्या लबाडाला एवढं सुचलं असतं तर पुस्तक वाचण्याजोगं झालं असतं, असं ते स्वतःशीच पुटपुटले. आणि मग त्यांना पोरीची फार कीव आली, उघड उघड आली, डोळ्यांत पाणी येण्याइतकी.

दिवाळीच्या तोंडावर भगवानराव पाटील स्वतः चालत आले. छबूची पत्रिका अजून बुवांकडंच होती.

"शिरूरचा निरोप हाय," ते बसत म्हणाले. "त्यांची दुसरी जागा फिसकटली. झालं गेलं इसरायला तयार हायत. तुळशीचं लगीन झालं की पहिली तिथी काढा. तेवढी काढलीत तर आमी बी तुमाला पयल्यासारखं बोलावू."

बुवांनी पंचांग उघडलं. मार्गशीर्षात तिथ्या होत्या, एक सोडून चार होत्या. मुलीच्या लग्नाला बघतात तो गुरू पाट मांडून दिल्यासारखा हव्या त्या घरात बसला होता. त्यांनी पान पुन्हा वाचलं. बापाच्या, आजाच्या वेळेपासून या घरात जे कुणी केलं नव्हतं ते करायला त्यांना थोडा वेळ लागला. मग त्यांनी पंचांग मिटलं.

"यंदा नाही," ते म्हणाले. "मुलीला गुरुबळ नाही."

"उन्हाळ्यात तर हाय म्हणलाव!"

"उन्हाळ्यात होतं. पाटील, एकदा भर मांडवात वेळ टळली. आता बळ नसताना लावायचं असेल तर खुशाल पाटोद्याच्या जोशाला विचारा. पुढं काही झालं तर माझ्याकडं येऊ नका."

भगवानरावांचा चेहरा उतरला. दोन बायका गेलेलं घर त्यांनाही ठाऊक होतं. "सुंदरराव थांबायचे न्हाईत," ते हळूच म्हणाले.

"नका थांबू म्हणावं."

पाटील उठले, दारापर्यंत गेले, वळले. "मंग पुढल्या साली तरी येईल का गुरुबळ?"

"पुढल्या सालचं पंचांग," त्रिंबक जोशी खेकसले, "अजून छापलंय कुठं?"